पालकाच्या सहीची जागा

आमच्या घरात फोन वाजला की अक्का उचलते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. अमेरिकेचा फोन असला तरी तीच उचलते, आणि समुद्रापलीकडे आवाज जायचा म्हणून खालच्या गल्लीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलते. तिचं बोलून झालं की शेवटची दोन मिनिटं माझी. मी विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "जेवलो." मग दोघंही गप्प बसतो. तिकडून त्याच्या श्वासाचा आवाज येतो. मला तेवढं पुरत होतं.

तो म्हणजे माझा मुलगा. हे वाक्य लिहायला मला काही वाटत नाही. पण तेच कागदावर सिद्ध करायला आम्हाला दीड वर्ष लागलं. ते कसं झालं ते लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं. माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. तिकडचे पुरुष सोनं-चांदी गाळायला देशभर जातात. त्यांना गलाईवाले म्हणतात. सोनारांकडचं जुनं, मिसळलेलं सोनं भट्टीत घालून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. लग्न झालं आणि मी सोळाव्या वर्षी थेट मद्रासला आले, सौकारपेटेत. खाली भट्टी, वर दोन खोल्या, त्यात दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा.

मला परक्या माणसासमोर बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच आहे. शब्द मनात असतात, पण घशाशी येऊन थांबतात. इथे तर भाषाही परकी होती. पुढे तमिळ कळायला लागलं, बोलताही यायला लागलं, पण घरच्या घरात. बाहेरचं सगळं अक्का करायची. भाजीवाली, रेशन, दवाखाना. माझं पोट दुखलं तरी डॉक्टर अक्कालाच विचारायचे, "कुठं दुखतंय?" आणि अक्का बरोबर जागा सांगायची.

अक्काला तीन मुलगे झाले. मला काही झालं नाही. तिसरा झाला तेव्हा बाराव्या दिवशी बारसं होतं. पाच-सहा ओळखीच्या गलाई कुटुंबांतल्या बायका जमल्या होत्या. नाव ठेवायच्या आधी अक्काने बाळ उचललं आणि सगळ्यांसमोर माझ्या ओटीत घातलं. भटजींनी काही मंत्र म्हटले. दोघा भावांनी एकमेकांना गूळ भरवला. दत्तक झालं. आमच्यात हे असंच होत आलेलं आहे. एका घरातलं मूल त्याच घरात देताना कोण कागद करणार? कागद परक्याशी करतात.

मला वाटायचं, हे सासऱ्यांनी गावाकडून कळवलं असेल आणि दोघा भावांनी ठरवलं असेल. मी कधी विचारलं नाही. मला देव पावला होता, त्याला कारण कशाला विचारायचं?

अंगावर अक्कानेच पाजलं, नऊ-दहा महिने. निजायचा माझ्यापाशी. मला 'आई' म्हणायला शिकला आणि अक्काला 'मोठी आई'. सहा वर्षांचा झाल्यावर थोरले भावजी त्याला शाळेत घालायला घेऊन गेले. घरातल्या सगळ्या मुलांना तेच घेऊन जात. इथे मुलाच्या नावाआधी बापाच्या नावाचं अक्षर लावतात. भावजींनी दोघा थोरल्यांना आपलं लावलं होतं, तेच यालाही लावलं. घरचा कर्ता मीच, मग नाव माझंच, एवढा साधा विचार. जन्माच्या दाखल्यावर त्यांचंच आणि अक्काचं नाव होतं, ते शाळेत आलं, शाळेतून कॉलेजात, तिथून पासपोर्टावर. माझ्या नवऱ्याने एकदा बघितलं आणि म्हणाले, "असू दे, दादाचं काय आणि माझं काय." मीही म्हटलं, असू दे. तेव्हा कुणाला माहीत की कुणीतरी अमेरिकेत बसून हे कागद एकापुढे एक मांडणार आहे!

तो शिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीत अमेरिकेला गेला, तिथेच लग्न केलं, तिथला नागरिक झाला. मधल्या काळात थोरले भावजी गेले. त्सुनामी आली त्याच्या पुढच्या वर्षी माझे मालकही गेले. दिवसकार्याला तो आला होता. जाताना म्हणाला, "आई, तू आता माझ्याकडे चल. कायमची. नागरिकाला आईला बोलावता येतं." सुनेला दिवस राहिले होते. मला जायचं होतं. तेव्हा तोंडाने बोलले नाही, पण मला फार जायचं होतं.

पहिल्यांदा आम्ही इथल्याच एका एजंटाकडे गेलो. मी, अक्का आणि अक्काचा थोरला मुलगा, जो आता भट्टी सांभाळतो. एजंटाने जन्माचा दाखला बघितला, पासपोर्टाची झेरॉक्स बघितली आणि अक्काकडे बघून म्हणाला, "अम्मा, तुमचे कागद एकदम स्वच्छ. मुलाची आई तुम्ही. तुमचा अर्ज टाकू, वर्षाच्या आत तुम्ही तिकडे."

अक्का म्हणाली, "मी न्हवं, ही."

"ही कोण?"

अक्काने सांगितलं. एजंट हसला. "कागदावर ही काकू आहे. काकूला तिकडे कुणी घेत नाही. तुम्ही जा ना, दोघींपैकी एक गेली म्हणजे झालं."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. मग अक्का म्हणाली, "सोन्याचा मळ काढाया भट्टीत टाकत्यात, तसा त्याच्या तोंडात सोडा टाकायला पायजे हुता." पण मला ते शब्द लागले होते. काकू. रात्री मुलाला फोनवर पुतण्याने सगळं सांगितलं, तर तो तिकडून इतक्या जोरात ओरडला की मला बाजूला बसून ऐकू आलं, "माझी आई कोण ते तो एजंट ठरवणार का?"

त्यानेच मग चौकशी करून नुंगंबाक्कमच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्या परदेशी स्थायिक होण्याचेच खटले घेत. चाळिशीच्या असतील, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि टेबलावर फायलींचे डोंगर. त्यांनी मला विचारलं, "अम्मा, मूल तुमच्याकडे कसं आलं?"

अक्का म्हणाली, "बारशाला दिलं."

"मी यांना विचारतेय."

"ती बोलत न्हाई. मी सांगते की."

वकीलबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही जरा बाहेर बसता का? कॉफी सांगते." तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे अक्काला राग धरता येईना. ती उठली, पण दारातून मला म्हणाली, "नीट सांग गं धाकटे. गाईवानी बघत बसू नको."

मी तशीच बघत बसले. वकीलबाईंनी वाट बघितली. पंख्याखाली कागद फडफडत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "लिहिता येतं?"

मी मान हलवली.

"तुमच्या भाषेत?"

पुन्हा मान हलवली.

"मग घरी जाऊन लिहून आणा. चांगलं लिहू नका, जसं झालं तसं लिहा. मी भाषांतर करून घेईन."

मी दोनशे पानी वही आणली आणि चार दिवस लिहिलं. ऑफिसात त्यातली दीड पानंच कामाला आली. उरलेली वही माझ्याकडे राहिली. त्याच वहीत हे लिहिते आहे.

बारशाचा एक फोटो होता, तोही नेऊन दिला. वकीलबाईंनी भिंग लावून बघितला. फोटोत बाळ मधोमध आहे, खालून अक्काचे हात आहेत, वरून माझे. त्या म्हणाल्या, "यात देतंय कोण आणि घेतंय कोण?" खरोखरच ते फोटोवरून सांगता येत नव्हतं.

मग त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. आपल्या कायद्यात असं तोंडी दत्तक चालतं, पण देणाऱ्या आईने दिलं असं सांगावं लागेल. त्याचा दस्त करून रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदवायचा. देणारे वडील गेले, घेणारे वडील गेले, राहिल्या तुम्ही दोघीच. मग त्या अक्काकडे वळल्या. "अक्का, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. हा दस्त झाला की कायद्याने तुम्ही त्याच्या आई राहणार नाही. पुढे कधी त्याने तुम्हाला तिकडे बोलवायचं म्हटलं, तर ते होणार नाही. यांचा मार्ग उघडला की तुमचा बंद."

अक्का म्हणाली, "मग मी कोण त्याची?"

"मोठी काकू."

अक्का म्हणाली, "आन् नऊ म्हयनं पोटात ठेवला ते कुठं लिवायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "ते जन्माच्या दाखल्यात लिहिलेलं आहे, अक्का. ते कुणी खोडत नाही."

घरी येताना अक्का बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाजीवालीशी घासाघीस न करता तिने भाजी घेतली, तेव्हा भाजीवालीनेच मला खुणेने विचारलं, काय झालं? चाळीस वर्षांत मी अक्काला गप्प बघितलं नव्हतं. तिच्या बोलण्याच्या आडोशाला मी आयुष्य काढलं होतं, आणि आता तो आडोसाच गेला होता. संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती. मी जवळ बसले आणि म्हटलं, "अक्का, राहू दे. मी नाही जात. इथंच बरी आहे."

तिने सूप खाली आपटलं. "चाळीस वर्सात एकदा तुझ्या तोंडातनं आपणहून शब्द निघाला, आन् तो ह्यो? ऊठ, जा हितनं."

मी उठून आत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चांगलं इरकल नेसून दारात उभी होती. पुतण्याला म्हणाली, "रिक्षा बोलीव. त्या बाईला फोन कर, म्हणावं आम्ही येतोय."

दस्त तयार व्हायला आठवडा गेला. मग रजिस्ट्रारच्या कचेरीत बाकावर बसून बसून दुपार झाली. आमचा नंबर आला तेव्हा तिथल्या साहेबांनी दस्त वाचून दाखवला आणि अक्काला विचारलं, "हे तुमच्या मर्जीने झालं होतं का? कुणाची जबरदस्ती नव्हती?"

'नव्हती' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण ती अक्का होती. ती तमिळमध्ये सांगायला लागली आणि मागची रांग ऐकायला लागली. "साहेब, घरात कुणी मला सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनी नाही, नवऱ्याने नाही. मीच नवऱ्याला म्हटलं, हा तिला द्यायचा. हिने कधी मागितला नाही. हिला मागता कुठं येतं? हिला भाजीवालीकडे कोथिंबीर जास्त मागता येत नाही. माझी दोन्ही पोरं रांगत होती तेव्हा ही त्यांच्या मागं वाटी घेऊन फिरायची आणि ती झोपली की कोपऱ्यात जाऊन बसायची. मला ते बघवायचं नाही. म्हणून तिसरा पोटात होता तेव्हाच ठरवलं. आता विचारा अजून काय विचारायचं ते."

साहेबांनी शाईची गादी तिच्यापुढे सरकवली. अक्काला लिहिता येत नाही. तिने डावा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर उमटवला. मी खाली सही केली.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

ती अंगठा पदराला पुसत म्हणाली, "तू कधी इचारलंस?"

सगळे कागद अमेरिकेला गेले. पाच-सहा महिन्यांनी उत्तर आलं. मंजूर नाही, नामंजूरही नाही. आणखी पुरावा मागितला होता. वकीलबाईंनी आम्हाला बोलावून पत्र समजावलं. दत्तक दिलं हे त्यांना पटलं होतं. त्यांची शंका दुसरीच होती. देणारी आई आणि घेणारी आई एकाच घरात राहत होत्या. मग मुलाला खरोखर वाढवलं कुणी? त्याच्या बाबतीत निर्णय कोण घेत होतं?

"तिकडच्या लोकांना एका छपराखाली दोन चुली कळतात," वकीलबाई म्हणाल्या, "पण एका चुलीवर दोन आया कळत नाहीत. काहीतरी दाखवा. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तुमची सही? दवाखान्याच्या कागदावर नाव?"

प्रगतिपुस्तकावर थोरल्या भावजींची सही असायची. दवाखान्यात अक्का न्यायची, नाव तीच सांगायची. पालकसभेला पण अक्का. त्याच्या कॉलेजच्या कार्यक्रमालाही मी गेले नव्हते. सगळे गेले आणि मी घरी सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवला. मी त्याला न्हाऊ घातलं, भरवलं, तापात उशाशी बसले, पण ते सगळं दाराच्या आत. दाराबाहेर जिथे कागद तयार होतात, तिथे मी कधी गेलेच नाही. वकीलबाई समोर पेन घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांना लिहून द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं. भित्रेपणाचा एवढा मोठा दंड असतो हे मला त्या दिवशी कळलं.

वाटेत अक्का एकदम म्हणाली, "शाळंच्या डायऱ्या हायत की."

मला आधी कळलंच नाही.

आमच्या धंद्यात केर टाकत नाहीत. भट्टीच्या खोलीतली झाडलोट डब्यात भरून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. हात पुसायची फडकी, बसायच्या चटया, सगळं साठवून वर्षातून एकदा जाळतात, धुतात आणि त्यातून सोनं काढतात. अक्काचा जन्म अशाच घरातला. तिच्या हातून काही टाकलं जात नाही, घरातला कागदसुद्धा. माळ्यावर तिची एक पत्र्याची पेटी होती. पुतण्याने ती खाली उतरवली. तिच्यात लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, जुनी कॅलेंडरं, आणि सगळ्यात खाली तिन्ही मुलांच्या शाळेच्या डायऱ्या.

माझ्या मुलाच्या सात निघाल्या. डायरीच्या शेवटी गैरहजेरीचं पान असतं. तारीख, कारण आणि पालकाची सही. प्रगतिपुस्तक तीन महिन्यांनी यायचं, त्याला भावजींची वाट बघता यायची. पण गैरहजेरीचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच लागायचं. तेव्हा दोघेही भाऊ पहाटेच भट्टीला लागलेले किंवा सोनारांकडे गेलेले असत, आणि अक्काला लिहिता येत नव्हतं. मग ते मी लिहायची. मराठीतच, दुसरं काय येत होतं! पहिल्या वेळी बाईंनी त्याला विचारलं होतं, हे काय लिहिलंय? त्याने मोठ्याने तमिळमध्ये सांगितलं, आणि बाईंनी शेजारी लाल शाईने सही केली. तेव्हापासून तसंच चालू राहिलं. मी हे पूर्ण विसरून गेले होते.

ताप आला होता. पोटात दुखत होतं. पायात काच गेली. मामाच्या लग्नाला गावी गेलो होतो. आणि पालकाच्या सहीच्या जागी प्रत्येक ठिकाणी एकच शब्द. मी माझं नाव लिहिलं नव्हतं. शाळेत कोण मला ओळखत होतं? मी 'आई' एवढंच लिहिलं होतं. वीस-बावीस वेळा, आणि प्रत्येक वेळी शेजारी शाळेच्या बाईंची लाल सही.

अक्काने एक डायरी हातात घेतली, उलटी धरली, मग मी सरळ करून दिली. तिने त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"आई."

"आन् हितं?"

"तेच."

तिने सगळ्या डायऱ्यांतल्या सगळ्या जागा तशाच विचारल्या. मी सांगत गेले.

भाषांतराला वकीलबाईंनी आम्हाला एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाठवलं. तंजावरकडचे मराठी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, भाषांतराचा शिक्का असलेले. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या त्या लोकांची मराठी फार जुनी आहे. दारातच म्हणाले, "यावें, बैसावें. तुमचें गांव कोणतें?" अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यो बाबा पोथी वाचल्यागत बोलतोय."

ते चष्मा पुसून एकेक नोंद वाचत होते आणि इंग्रजीत उतरवत होते. एका ठिकाणी थांबले. "लई खोकला. लई म्हणजे काय हो?" मी म्हणाले, "पुष्कळ." ते मराठी होतं म्हणून असेल, किंवा ते वडिलांच्या वयाचे होते म्हणून, पण मी बोलले. अक्काने माझ्याकडे वळून बघितलं.

मग सहावीतल्या डायरीतली एक नोंद त्यांनी मोठ्याने वाचली: "काल ताप नव्हता. अभ्यास झाला नाही म्हणून भिऊन रडत होता. मी घरी ठेवलं. चूक माझी आहे, त्याला मारू नये. आई."

अक्का म्हणाली, "आन् ते कार्टं मास्तरणीला काय सांगत असंल?"

त्या रात्री फोनवर विचारलं तेव्हा तो तिकडून हसत सुटला. "मी 'फीवर, मिस' म्हणून सांगितलं."

वकीलबाईंनी मात्र त्याच पानावर खूण घातली. म्हणाल्या, "शाळेला खोटं न सांगता मुलाला घरी ठेवायचं, हे आपल्या जबाबदारीवर कोण करतं? मला एवढंच हवं होतं." गैरहजेरीची सगळी पानं भाषांतरासकट गेली.

तीन-चार महिन्यांनी नातं मान्य झाल्याचं पत्र आलं. आता राहिली मुलाखत, इथल्याच अमेरिकन कचेरीत. तिथे अक्काला आत सोडणार नव्हते. ती समोरच्या फुटपाथवर झाडाखाली पिशवी घेऊन बसली. मला म्हणाली, "आवाज निघना तर खोक. खोकल्यावर घसा मोकळा हुतो."

काचेपलीकडे एक तरुण गोरा साहेब होता, शेजारी तमिळ बोलणारी मुलगी. नाव, वय वगैरे झालं. मग साहेबाने फाइल चाळली आणि मुलीने विचारलं, "मुलगा आजारी पडला की कोण बघायचं?"

शब्द घशाशी येऊन थांबला. मी खरोखरच खोकले.

"अक्का डॉक्टरकडे न्यायची," मी म्हणाले. "मला डॉक्टरांशी बोलता येत नाही. औषध मी द्यायची. शाळेत पाठवायचं की नाही ते मी ठरवायची."

"मग तुमची जाऊसुद्धा त्याची आई होती का?"

वकीलबाईंनी बजावलं होतं, थोडक्यात आणि सरळ सांगा. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. दस्तात तेच होतं. पण बाहेर उन्हात अक्का बसली होती. मी म्हणाले, "तिला तो मोठी आई म्हणतो. अजून म्हणतो. तिने मला दिला तेव्हापासून मला आई म्हणतो."

मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं, मी सगळं घालवलं. साहेबाने फाइलीतलं ते खुणेचं पान काढलं, वाचलं, आणि काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "इथे लिहिलंय चूक माझी. काय चूक होती?"

"तो रडत होता," मी म्हणाले. "मला बघवलं नाही. शाळेत पाठवायला हवं होतं."

साहेब पहिल्यांदाच हसला. म्हणाला, त्याची आईसुद्धा असंच करायची. मग एक कागद सरकवला आणि म्हणाला, पासपोर्ट घरी येईल.

रस्ता ओलांडताना अक्का उभी राहिली. "काय म्हनला?"

"झालं."

"आवाज निघाला?"

"निघाला."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि रिक्षावाल्याशी भांडायला लागली. परत येताना तिने रिक्षावाल्याला माझं अमेरिकेचं सगळं सांगितलं. फक्त मुलगा कुणाचा, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. अक्का खाली बसून लसूण सोलत होती. फोन तिच्या हाताच्या अंतरावर होता. वाजत राहिला. मी तिच्याकडे बघितलं.

"उचल की," ती म्हणाली. "तुझ्या लेकाचा फोन, मी कशाला उठू?"

मी उचलला. त्याने विचारलं, "मोठी आई, काय झालं?"

"मी बोलतेय," मी म्हणाले.

मग मी त्याला सांगितलं, सकाळपासूनचं सगळं, काच, मुलगी, खोकला, सहावीतली डायरी. किती वेळ बोलले कुणास ठाऊक. अक्काचा लसूण सोलून झाला, तिने टरफलं गोळा करून डब्यात भरली, हात पदराला पुसले, आणि माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"दे आता," ती म्हणाली. "लई झालं तुझं."